दारोदारचं पाणी

दत्ता,

तुला जाऊन अजून महिना व्हायचाय आणि चाळीत तुझ्या मरणाची चार-पाच कारणं फिरतायत. वय झालं होतं. साखर होती. लिव्हर आधीपासून नाजूक होतं. पहिल्या मजल्यावर तर असंही बोललं जातंय की मास्तरांना कुणाची तरी दृष्ट लागली, तीही आपल्या लालबागची नव्हे, दादरची, तिकडच्या नजरा जास्त कडक असतात. खरं कारण तेवढं कुणी बोलत नाही. ते मी बोलावं, तर माझी पत काय आहे तुला ठाऊक आहे. आयुष्यभर विमा विकला. धडधाकट माणसाला मरणाच्या गोष्टी सांगून सांगून जीभ अशी सैल पडली की मी 'आज गुरुवार' म्हटलं तरी चाळीतली पोरं कॅलेंडर बघून येतात. अशा माणसाकडे तू एक खरी गोष्ट ठेवून गेलास. दुसरा कुणी भेटला नाही तुला?

तू तिसऱ्या मजल्यावर आणि मी तळमजल्यावर. आपली सगळी दोस्ती या मजल्यांच्या फरकावर उभी होती. पाणी माझ्याकडे आपसूक यायचं, तुझ्याकडे चढायचं नाही. वरच्या सगळ्यांनी आपापल्या पाइपला मोटरी बसवल्या आणि पाणी ओढून घेतलं. तू बसवली नाहीस. सकाळी पाण्याच्या वेळेला हंडा नि कळशी घेऊन तू माझ्या दारात हजर. इतकी वर्षं तू जेवढं पाणी जिन्यावरून वर नेलंस, तेवढं एका जागी साठवलं असतं तर लालबागला स्वतःचा तलाव झाला असता आणि महापालिकेने त्यावर सुरक्षारक्षक नेमला असता. हंडा भरेपर्यंत आपलं भांडण चालायचं. आमच्या हिची तक्रार एवढीच असायची की हंडा भरला तरी तुम्ही दोघं नळ बंद करत नाही.

मी सांगायचो, "दत्ता, बसव रे एक मोटर. सगळ्या चाळीने बसवलीय. तू एकट्याने नाही बसवलीस तर काय चंद्रावर पाणी पोचणार आहे?"

तू म्हणायचास, "मोटर पाणी ओढते, हे बरोबर. पण पाइपला भोक असेल तर ती बाहेरचंही ओढते. आणि बाहेर काय आहे, सदा?"

बाहेर घरगल्ली आहे. हे मुंबईबाहेरच्या माणसाला सांगूनही खरं वाटत नाही आणि यात मी एका अक्षराची भर घातलेली नाही. आपल्या चाळीची पाठ आणि मागच्या चाळीची पाठ, यांच्या मधली ती बोळ. वरून प्रत्येक मजल्याच्या सांडपाण्याचे नळ उतरतात, खाली गटार वाहतं आणि त्या गटाराच्या अंगाखांद्यावरून प्रत्येक खोलीची पिण्याच्या पाण्याची बारकी पाइप जाते. वर मागच्या खिडक्या. त्या खिडक्यांतून केर, भाताची शितं लागलेलं खरकटं, माशांची डोकी, पोरांचे लंगोट, सगळं खाली. त्या गल्लीतला उंदीर मी डोळ्यांनी पाहिलाय. चाळीतलं मांजर त्याला वाट द्यायला भिंतीला चिकटून उभं राहतं. मी म्हणायचो, या पाइपा गोऱ्या साहेबाने जाताना सूड म्हणून घातल्या असणार. तू शांतपणे म्हणालास, "साहेबाने एकच घातली होती. बाकीच्या आपण घातल्या. प्रत्येकाने आपापली."

तुझं एक वाक्य मला तेव्हा भाषणातलं वाटलं होतं, आता सारखं आठवतं. पाणी कुठल्या कुठल्या डोंगरांतल्या तलावांतून येतं, तिथे कुंपण आहे, पहारा आहे, वाटेत शुद्ध करतात, तपासतात. एवढ्या लांबून सांभाळून आणलेलं पाणी आपण आपल्याच खिडकीखाली घाण करतो आणि मग मोटर लावून ओढून पितो. "तलावावर पहारेकरी आहे रे," तू म्हणालास, "घरगल्लीवर आपण आहोत. आणि आपण वरून केर टाकतोय."

हे सगळं तू नुसतं बोलत होतास तोवर चाळीला काही अडचण नव्हती. प्रत्येक चाळीत एक बोलणारा लागतोच, आपल्याकडे तर दोन होते. अडचण सुरू झाली ती दुसऱ्या मजल्यावरच्या कांतामावशीच्या नातवाला कावीळ झाली तेव्हा. मावशीने रीतसर काविळीची माळ आणली. पोराच्या डोक्यावर घातलेली ती माळ उतरत उतरत गुडघ्यापर्यंत आली आणि कावीळही उतरली. सगळी चाळ माळेचे गुण गात होती आणि तू माझ्या दारात हंडा न भरताच उभा होतास. "माळ उतरली," तू म्हणालास, "पाइप तिथेच आहे."

परळच्या शाळेत तू जन्मभर चित्रकला शिकवलीस. म्हणून तुला वाटलं, माणसाला दाखवलं की कळतं. तू जिन्याखालच्या भिंतीवर रंगीत खडूंनी अख्खी घरगल्ली काढलीस. गटार काळं, पिण्याच्या पाइपा निळ्या, गंजून भोकं पडली होती तिथे लाल ठिपके. इतकं सुंदर चित्र मी बघितलं नव्हतं. आपला सेक्रेटरी मुणगेकर आला, कमरेवर हात ठेवून बघत राहिला आणि म्हणाला, "वा, मास्तर. यंदा मंडळाचा देखावा शंकराच्या जटेतली गंगा वाटतं?"

तू हसलास. मला शिव्या सुचत होत्या आणि तू हसत होतास.

मग तू दारोदार जायला लागलास. मागणं साधं होतं. मोटरी काढा. खिडकीतून केर टाकू नका. आणि सगळ्यांच्या पाइपा गल्लीतून उचलून पुढच्या भिंतीवर घेऊ, खाली एक टाकी, एक सामायिक पंप, सगळ्यांना सारखं पाणी. यात न पटण्यासारखं काहीच नव्हतं आणि म्हणूनच कुणी केलं नाही. ज्याने मोटर आधी काढली त्याचा नळ कोरडा, कारण शेजाऱ्याची चालूच. कांतामावशी तुला म्हणाली होती, "मास्तरा, आधी त्या मुणगेकराची काढून दाखव, मगे माझ्याकडे ये." मुणगेकर म्हणाला, "मावशींनी काढली की त्याच दिवशी माझी." त्या दोघांच्या मध्ये तू किती फेऱ्या मारल्यास, देव जाणे. तुझ्या चपलांनी जिन्याच्या दोन पायऱ्या झिजून एक झाली.

मी तुला तयार माल देऊ केला होता. म्हटलं, तू खरं सांगून बघितलंस, आता माझ्याकडे दे. मी चाळीत सोडतो की मुणगेकराच्या पाइपमध्ये अजगर सापडला. मोठा नाही, मनगटाएवढा, पण जिवंत. संध्याकाळपर्यंत एक मोटर शिल्लक राहणार नाही.

तू कळशी खाली ठेवलीस. "आणि उद्या पाइप उघडून बघितली आणि अजगर नाही निघाला, तर?"

"तर म्हणू, निसटला."

"तर लोक म्हणतील, पाणी चांगलं आहे. अजगर नाही म्हणजे घाण नाही. सदा, तुझ्या खोट्याने माझं खरं बुडेल."

हे भांडण आपलं राहून गेलं. मला अजूनही वाटतं, अजगर सोडायला हवा होता. तू वाचला असतास. मग माझ्यावर रागावून वर्षभर माझ्याकडचं पाणी सोडलं असतंस, तरी चाललं असतं.

दुसरं भांडण त्याहून वाईट होतं आणि ते तूच जिंकलास. आपल्या कोकणी घरांत दारात माणूस आला की आधी पाणी. तांब्या, पेला, सोबत गुळाचा खडा. मग ये, बस, चहा, काय काढलंस. माणूस वसुलीला आलेला असो, पोरीला मागणी घालायला आलेला असो, पाणी आधी. आणि ते नाकारायचं नाही. नाकारलं म्हणजे त्या घराला काहीतरी लागलं. तू घरी पाणी उकळून, गाळून प्यायचास. आणि दारोदार जाऊन, ज्या पाण्यात घाण आहे असं सांगायला गेलास, तेच पाणी आधी प्यायचास.

मला कळलं तेव्हा मी जिन्यातच तुला धरला. "बाटली घेऊन जा ना घरची. म्हण, डॉक्टरने सांगितलंय."

"त्यांच्या दारात बसून माझी बाटली काढू? मग बोलणं होईल का?"

"मग चहा माग. उकळलेला तरी असतो."

"चहा नंतर येतो रे. आधी पाणी येतं."

"तोंडाला लाव, पिऊ नको."

तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं शाळेत एखाद्या पोराने हाताने काढायची रेघ चोरून पट्टीने ओढली की बघत असशील. "कांतामावशी पेला हातात देऊन समोर उभी राहते. 'काय रे मास्तरा, आमच्या घरचा पाणी तुका चलणा नाय काय?' असं विचारते. तिला मी काय सांगू? नाही चालत? मग तिने माझं पुढचं ऐकावं का?"

मी बाजूला होऊन तुला वाट दिली. मी, सदानंदने, ज्याने मेलेल्या माणसाच्या वारसांनाही नवीन पॉलिसी विकल्यात. तू प्रत्येक दारात बसलास, गूळ खाल्लास, पाणी प्यायलास आणि मग सांगितलंस की हे पाणी पिऊ नका. लोकांनी ऐकलं, मान हलवली आणि तू जिना उतरलास की म्हणाले, मास्तर एवढं म्हणतात खरं, पण स्वतः तर घटाघट प्यायले.

हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. आज सांगतो. तुझ्या सभ्यपणानेच तुझं म्हणणं खोटं पाडलं. आणि तुझ्या जागी दुसरं कुणी असतं तर मी हे चवीने चाळभर सांगत फिरलो असतो.

तुझे डोळे पिवळे झाले ते मला आधी दिसले, वहिनींना नंतर. सकाळच्या उजेडात तू हंडा लावत होतास आणि मी म्हटलं, "दत्ता, डोळ्यांत हळद लावलीस का?" तू म्हणालास, झोप नाही झाली. माझ्या आयुष्यात मी जे जे फुगवून सांगितलं, त्याची सगळी उधारी त्या एका सकाळी फिटली. त्या पिवळ्याला फुगवायची गरज नव्हती.

परळच्या इस्पितळात तरुण डॉक्टरीण होती, नेटाने विचारणारी. कावीळ, पाण्यातून आलेली. साखर होती, वय होतं, म्हणून जोरात धरलंय. तिने विचारलं, "काका, बाहेर कुठे पाणी प्यायलात का?"

तू म्हणालास, "बाहेर नाही. घरोघरी."

ती हसली, तिला वाटलं तुला ग्लानी आहे. शुभांगी वहिनी हसल्या नाहीत. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

दोघी बाहेर गेल्यावर मी तुझ्या कानाशी वाकलो. म्हटलं, "कुठल्या घरचं असेल? कांतामावशी? मुणगेकर?" खरं सांगतो, मला एक नाव हवं होतं. मला कुणाच्या तरी दारात जाऊन नरडं फाटेस्तोवर ओरडायचं होतं.

तू डोळे मिटूनच म्हणालास, "ते शोधू नकोस. एका घराचं नाव आलं की बाकीचे सुटले."

मग म्हणालास, "काहीतरी सांग."

मी सांगितलं. तो उंदीर, आपल्या गल्लीतला, त्याने कसा महापालिकेत अर्ज केला की वरून केर फार पडतो, आम्हाला दुसरी गल्ली द्या. सगळी चाळ माझ्या गोष्टींना हसते, दत्ता. पण 'मग पुढे?' असं विचारणारा तू एकटा. साठीच्या पुढचा माणूस, चड्डीतल्या पोरासारखा विचारायचास, मग पुढे? त्या दिवशीही विचारलंस. उंदराला गल्ली मिळाली की नाही हे मी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलं, तुला उद्याची वाट बघायला लावावी म्हणून. विमा विकणाऱ्याची सवय. दुसऱ्या दिवशी तुला माझा आवाज ओळखू येत नव्हता.

तेरावा झाल्यावर शुभांगी वहिनी खाली आल्या. माझ्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भावोजी, एक मागते. हे कशाने गेले ते सभेत काढू नका."

मी म्हटलं, "वहिनी, तोच तर मुद्दा आहे."

"मला इथेच राहायचंय. मी काय सांगत फिरू, तुमच्या सगळ्यांच्या पाण्याने माझा नवरा गेला? आजारपणात याच बायकांनी डबे पोचवले. कांतामावशी रोज पेज घेऊन येत होती." मग म्हणाल्या, "आणि तुम्ही सांगून कोण खरं मानणार आहे?"

वर्मावर बोट. मी कबूल केलं. म्हटलं, गप्प बसेन. ही गोष्ट तरी मी खोटी बोललो नाही. मी खरोखर गप्प बसलो होतो.

सभा चाळीच्या पटांगणात झाली. तुझा फोटो, हार, मागे मंडळाचं बॅनर, त्यावर तुझ्यापेक्षा मुणगेकराचा फोटो मोठा. मुणगेकर बोलला. मास्तर म्हणजे चाळीचा आत्मा. मास्तरांना पाण्याची फार तळमळ होती. म्हणून मास्तरांच्या स्मरणार्थ मंडळातर्फे जिन्याखाली थंड पाण्याचं मशीन बसवण्यात येणार आहे, सगळ्या चाळीला मोफत.

जिन्याखाली, दत्ता. तुझ्या चित्रावर. त्याच गल्लीतल्या पाइपवर. आणि दाब कमी पडतो म्हणून, मागून कुणी विचारलं त्याला मुणगेकराने समजावलं, एक चांगली जोरदार मोटर टाकू.

मी उठायला लागलो. वहिनींनी बघितलं आणि मी पुन्हा बसलो.

टाळ्या झाल्या नाहीत, शोकसभा होती म्हणून. लोकांनी माना हलवल्या. मग कांतामावशीची सून ट्रे घेऊन फिरू लागली. पेले, गुळाचे खडे. पहिला मान घरच्या माणसाचा. कांतामावशीने स्वतः पेला उचलला आणि वहिनींच्या पुढे धरला. "घे गो बाय. सकाळधरना तोंडात पाणी नाय घेतलंस."

वहिनी पेल्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नको."

"घोटभर घे."

"नको मावशी. मी घरून उकळून आणलंय." आणि त्यांनी पिशवीतून बाटली काढून मांडीवर ठेवली.

मावशीचा हात तसाच पुढे. "म्हणजे? आमच्या घरचा पाणी तुका चलणा नाय?"

"नाही चालत," वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "ह्यांना चालत होतं."

बस, एवढंच. दत्ता, तू इतके दिवस दारोदार जाऊन जे सांगू शकला नाहीस, ते तुझ्या बायकोने तीन शब्दांत सांगितलं. मावशीचा हात खाली आला, पेल्यातलं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं आणि ती मटकन खुर्चीवर बसली. मुणगेकर म्हणाला, "वहिनी, हे असं सगळ्यांसमोर..." वहिनी म्हणाल्या, "मग कुणासमोर बोलू?" ट्रेमधल्या बाकीच्या पेल्यांना कुणी हात लावला नाही. सुनेला ट्रे ठेवायलाही जागा सापडेना, बिचारी तो धरून तुझ्या फोटोशेजारी उभी राहिली.

हे गोड मानू नकोस. वहिनींशी त्यानंतर अर्धी चाळ बोलत नाही. कांतामावशीने जिन्यात त्या दिसल्या की पदर सावरून मान फिरवायची नवी कला शिकून घेतलीय. तिची आणि वहिनींची दारं समोरासमोर असती तर तिने खोली बदलली असती. कुणी म्हणतं, नवरा गेल्यावर डोकं फिरलं. कुणी म्हणतं, सदानंदनेच शिकवून पाठवलं. मला एवढा मान आजवर कुणी दिला नव्हता. वहिनी जिना चढताना कठडा धरतात, मधेच थांबतात. मी हाक मारतो, त्या वळून बघत नाहीत. त्यांना काय द्यावं लागलं हे मला कळतं. तुला कळलं असतं का, मला खात्री नाही. तू ते 'नाही' म्हणायचं सगळं त्यांच्यावर टाकून गेलास, आणि याचा मला तुझ्यावर राग आहे. हा राग कुणाला सांगावा कळत नाही म्हणून तुलाच सांगतोय.

थंड पाण्याच्या मशीनचं नाव मात्र पुन्हा निघालेलं नाही. आणि काल मुणगेकर जिन्याखाली तुझ्या चित्रासमोर उभा होता. लाल ठिपक्यांवर बोट ठेवत एकेक पाइप कुणाची ते ओळखत होता. स्वतःची सापडली तसा बोट तिथेच ठेवून राहिला. मला बघून म्हणाला, "एखाद्या प्लंबरला नुसतं दाखवून तरी घ्यावं. भिंतीवरून नेता येतं का."

नुसतं दाखवून. एवढंच म्हणाला. मी तासाभरात चाळभर सांगून मोकळा झालो की सोमवारपासून काम सुरू, प्लंबर ठरला, पाइपा ठरल्या, टाकीसुद्धा ठरली. तू असतास तर रागावला असतास. पण गंमत बघ, कॅलेंडर बघायला कुणी गेलं नाही. पहिल्या मजल्यावरची माणसं विचारायला आली की आमचा नळ भिंतीवर कुठे येणार. कांतामावशीने नातवाला पाठवलं, स्वतः आली नाही, पण निरोप होता की तिची पाइप खिडकीच्या डावीकडून घ्यायची, उजवीकडे तुळस आहे.

आता सोमवार खरा करायचाय. म्हणून उद्या सकाळी मी मुणगेकराच्या दारात जाऊन बसणार आहे. त्याची बायको तांब्या-पेला घेऊन येईल, गुळाचा खडा पुढे करील आणि म्हणेल, घ्या सदाभाऊ, आधी पाणी घ्या.

मी नको म्हणणार आहे, दत्ता.

तुझा,
सदा